उंदराला साठ टक्के चरबी आणि वरच्या फळीवर माझं तूप?

चिंचगूळ (धागाकर्ती)
आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर आठवड्याला एक तरी बातमी येऊन पडते. 'स्निग्ध आहाराचा स्मरणशक्तीवर परिणाम', 'उशिरा जेवणाऱ्यांच्या यकृतात मेद'. पाठवणाऱ्याने फक्त मथळा वाचलेला असतो. मी चिकाटीने खाली खाली जाते, तेव्हा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कळतं की प्रयोग उंदरांवर झालाय. तोवर सासूबाईंनी तुपाची बरणी वरच्या फळीवर चढवलेली असते.

मी बँकेत आहे, विज्ञान दहावीनंतर सुटलं. इथे लॅबमध्ये काम केलेली मंडळी आहेत म्हणून विचारते. उंदराला 'हाय फॅट डाएट' देतात म्हणजे नक्की काय खायला घालतात? आणि त्याचं लिव्हर बिघडलं म्हणून मी वरणभातावर तूप घ्यायचं नाही, हे कितपत खरं? आईला आणि मामाला मधुमेह आहे, त्यामुळे प्रश्न चेष्टेचा नाही.

घाटावरचा
उंदराला सरकारी खर्चाने तूप आणि मला घरात बंदी. पुढच्या जन्मासाठी अर्ज कुठे करायचा?

मोरपंखी
वाचतेय.

पेट्रीबशी
काही वर्षं परदेशातल्या एका लॅबमध्ये हेच काम केलंय. तूप नसतं हो घाटावरचे, डुकराची चरबी असते.

जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं खाद्य न्यू जर्सीची रिसर्च डाएट्स ही कंपनी बनवते, त्याचा नंबर डी१२४९२. त्यातल्या ६० टक्के कॅलरी चरबीच्या, २० प्रथिनांच्या, २० कर्बोदकांच्या. चरबी म्हणजे मुख्यतः लार्ड (हीच ती डुकराची चरबी) आणि थोडं सोयाबीन तेल. प्रथिन म्हणजे दुधातलं केसीन. ओळखू यावं म्हणून निळा रंग घातलेला असतो. हातात घेतलं की बोटं तेलकट होतात आणि पिंजऱ्यात त्याचा चुरा पडतो, त्यामुळे उंदराने किती खाल्लं आणि किती सांडलं हे मोजणं ही एक वेगळीच डोकेदुखी. एका ग्रॅममध्ये ५.२४ कॅलरी. जोडीच्या कमी चरबीच्या खाद्यात ३.८५.

उंदीर बहुधा सी५७ब्लॅक६ या जातीचा. काळा, छोटा. १९२१ पासून आपसात प्रजनन करून टिकवलेली जात आहे, सगळे जवळजवळ जुळे म्हणा. सहा आठवड्यांचा नर घ्यायचा आणि १२ ते १६ आठवडे हे खाद्य द्यायचं. साध्या खाद्यावरचा भाऊ ३० ग्रॅमच्या आसपास राहतो, हा ४५-५० ला जातो. इन्सुलिन वाढतं, यकृतात चरबी साठते, ग्लुकोज पाजून चाचणी केली की साखर लवकर खाली येत नाही. पण पूर्ण मधुमेह बहुतेकांना होत नाही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून वेळ मारून नेतं. बातमीत 'मधुमेही उंदीर' लिहितात तेव्हा पुष्कळदा तो हाच असतो, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा.

चिंचगूळ
धन्यवाद पेट्रीबशी! आकडेमोड आमचा प्रांत, म्हणून लगेच करून पाहिली. मी दिवसाला २००० कॅलरी खाते असं धरू. ६० टक्के म्हणजे १२००, भागिले ९, म्हणजे रोज १३३ ग्रॅम शुद्ध चरबी. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला किलोभर तूप लागतं, म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅम. ७५ कॅलरी. चार टक्केसुद्धा नाही! तेल, दूध, शेंगदाणे धरले तरी मी त्या उंदराच्या आसपास नाही. सासूबाईंना हा धागा प्रिंट काढून देणार आहे.

नाईलाजराव
थांबा, प्रिंट इतक्यात काढू नका. उंदराचं आयुष्य दोन वर्षांचं. माणसाचं पोट तीस वर्षांत सुटतं, त्याचं सोळा आठवड्यांत सुटायला हवं, म्हणून मात्रा मोठी. संशोधक काय तीस वर्षं पिंजऱ्यापाशी बसणार आहे? आणि घरचं तूप आठ ग्रॅम असेल हो, पण बाहेरची मिसळ, वडापाव, चहाबरोबरची खारी कोण मोजणार? तुमच्या हिशोबात शनिवार-रविवार दिसत नाहीत.

पेट्रीबशी
घाईबद्दल नाईलाजरावांना अनुमोदन. ४५ टक्क्यांचं खाद्यही मिळतं (ते लाल), पण फरक उशिरा दिसतो आणि पीएचडीची फेलोशिप थांबत नाही.

मला मोठा घोळ वाटतो तो तुलनेचा. एका गटाला हे शुद्ध घटकांचं खाद्य आणि दुसऱ्याला प्राणीगृहातलं रोजचं. रोजच्या खाद्यात गहू, मका, सोयापेंड, कोंडा, भरपूर तंतू. निळ्या गोळ्यांत तंतू म्हणजे नुसतं सेल्युलोज. मग आतड्यातले जीवाणू बदलले तर ते चरबी वाढली म्हणून की कोंडा गेला म्हणून? सांगता येत नाही. त्यासाठी जोडीचं कमी चरबीचं खाद्य असतं, पण त्यातही गंमत आहे. जुन्या डी१२४५०बी मध्ये ३५ टक्के कॅलरी साखरेच्या! म्हणजे 'निरोगी' गट साखर खातोय. साखर जुळवलेलं नंतर आलं, डी१२४५०जे. मी पेपर वाचायला घेतला की निष्कर्षाच्या आधी पद्धतीच्या भागात हा नंबर शोधते.

खाऊगल्ली
'कॅफेटेरिया डाएट' कोणीच कसं काढलं नाही? १९७६ साली अँथनी स्क्लाफानी आणि स्प्रिंगर यांनी मोठ्या वयाच्या रॅट्सना (माऊसपेक्षा मोठा उंदीर) सुपरमार्केटमधला माल दिला. बिस्किटं, सलामी, चीज, केळी, मार्शमेलो, चॉकलेट, पीनट बटर, कंडेन्स्ड मिल्क. साधं खाद्यही बाजूला ठेवलेलं होतं. रॅट्स भराभर लठ्ठ झाले. माणसाचा आजार बघायचाय ना, मग माणसाचंच खाणं द्या. पुण्यात हा प्रयोग बाकरवडी, श्रीखंड आणि साबुदाणा खिचडीवर व्हायला हवा. मी पिंजऱ्यात बसायला तयार आहे.

गोळीवाला
@खाऊगल्ली, म्हणूनच तो मॉडेल काही जणांना आवडतो आणि काहींना बघवत नाही. प्रत्येक रॅट आपल्या आवडीचं निवडतो. एकाने चॉकलेट ओढलं, दुसऱ्याने सलामी. शेवटी वजन वाढलं ते मीठ, साखर, चरबी की नुसती विविधता, कशाने? उत्तर 'सगळ्याने'. परीक्षक हे उत्तर घेत नाहीत.

घाटावरचा
आमच्या सोसायटीतली घूस हाच डाएट पाळते. मागच्या बाजूला दोन हॉटेलं आहेत. मांजर तिला बघून रस्ता बदलतं.

मोरपंखी
मला एक खटकलं. 'नर घ्यायचा' म्हणालात. मादी का नाही?

पेट्रीबशी
कारण सी५७ब्लॅक६ ची मादी त्याच खाद्यावर सावकाश आणि कमी फुगते, इन्सुलिनही जास्त काळ सांभाळते. इस्ट्रोजेनचा त्यात मोठा हात आहे. परिणाम ठळक दिसावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं नरच वापरले आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांना लावले. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी एनआयएचने २०१६ पासून अर्जदारांना नर-मादीचा विचार मांडायला लावलंय, तेव्हा कुठे माद्या पिंजऱ्यात दिसू लागल्या. रजोनिवृत्तीनंतर बाईचं पोट का सुटतं, याचं उत्तर तरुण नर उंदराकडे कसं असणार?

मोरपंखी
अगदी. आमच्या योगवर्गातल्या अर्ध्या बायकांचा हाच प्रश्न आहे.

थंडगार
तापमानाचं कोणी बोललं नाही. प्राणीगृह २०-२२ अंशांवर असतं, कारण तिथे काम करणारी माणसं अॅप्रन, मास्क, हातमोजे घालून वावरतात. उंदराला आरामदायी वाटतं ते ३० च्या आसपास. म्हणजे तो जन्मभर थंडीत, आणि त्याच्या ऊर्जेतला जवळपास अर्धा हिस्सा अंग ऊब धरण्यात जातो. ऊब तयार करणारी तपकिरी चरबी सतत पेटलेली. अशा उंदराला 'ऊर्जा जाळणारं' औषध दिलं की झकास परिणाम दिसतो, आणि कपडे घालून पंख्याखाली बसलेल्या माणसात काहीच घडत नाही. मुंबईचा मे महिना उंदराच्या दृष्टीने योग्य तापमान आहे, वीजबिलही वाचेल.

आबा_दप्तरदार
धागा रंगलाय. एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच देशातली.

रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे ब्रिटिशकालीन इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला बेरीबेरी या थायमिनच्या (जीवनसत्त्व बी१) अभावाच्या आजाराच्या चौकशीसाठी छोटं केंद्र सुरू झालं, ते त्यांचं. ते १९५८ मध्ये हैदराबादला गेलं आणि त्याचीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅककॅरिसनांनी पांढऱ्या रॅट्सचे गट केले आणि एकेकाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. वाढ आणि तब्येत याच उतरत्या क्रमाने आली. शिखांचं जेवण म्हणजे ताज्या पिठाच्या चपात्या आणि त्यांवर लोणी, मोड आलेलं कडधान्य, कच्च्या भाज्या, भरपूर दूध आणि आठवड्यातून एकदा थोडं मांस. मद्रासी ताटात मुख्य भर सडलेल्या (कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या), धुतलेल्या तांदळावर, दूध नावापुरतं.

आणखी एका गटाला गरीब इंग्रजांचं जेवण दिलं. पांढरा पाव, मार्गारीन, दूध घातलेला गोडमिट्ट चहा, उकडलेला कोबी-बटाटा, डब्यातलं मांस, जॅम. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले आणि पुढे आपल्यातल्या अशक्तांना मारून खाऊ लागले.

चिंचगूळ, तुमच्यासाठी यात मुद्दा असा, की त्या प्रयोगात लोणी खाणारे उंदीर पहिले आले. अर्थात विचारलेला प्रश्नच वेगळा होता. तेव्हाची चिंता उपासमार आणि जीवनसत्त्वं यांची होती. उंदराला जे विचाराल त्याचंच तो उत्तर देतो.

घाटावरचा
मराठा तिसरा!! पदक तरी आलं.

नाईलाजराव
पठाणाच्या मागे. पानिपत झालंच म्हणायचं.

खाऊगल्ली
'मराठा' म्हणजे कोणतं ताट? कोकणातलं, देशावरचं की विदर्भातलं? वर्‍हाडी ठेचा दिला असता तर उंदराने पिंजरा तोडून सुवर्ण घेतलं असतं.

कावेरीकाठ
माझं माहेर तंजावरच्या मराठी कुटुंबातलं. आमचा उंदीर तिसरा की सातवा? :) गंमत सोडा आबा, पण अशा तक्त्यांवरूनच पुढे 'लढवय्ये आणि मऊ लोक' अशी भाषा झाली. सडलेल्या तांदळात थायमिन नाही हे खरं. त्यावरून माणसांची प्रतवारी लावणं खरं नाही.

आबा_दप्तरदार
मान्य, कावेरीताई. तांदूळ सडण्याचा दोष गिरणीचा, माणसांचा नव्हे.

एक पुस्ती जोडतो. कुन्नूरच्या काळापासून जोपासलेल्या त्या विस्टार रॅट्सच्या वंशात १९९६ साली हैदराबादला आपोआप एक लठ्ठ रॅट निपजला. त्याच्यापासून डब्ल्यूएनआयएन-ओबी हा वंश तयार केला. साधं खाऊनच लठ्ठ होतात, लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक रक्तात भरपूर असून त्याचा उपयोग होत नाही. आपल्याकडचं हे मॉडेल आपल्याच लोकांना माहीत नसतं.

सिंहगडरोड
आबांनी देशी विषय काढलाच आहे तर माझं मूळ दुखणं मांडतो. पेट्रीबशींचा काळा उंदीर आधी लठ्ठ होतो, मग साखर बिघडते. आमच्या घरात वडील ५८ किलोचे, कंबरेचा पट्टा शेवटच्या भोकाला, आणि मधुमेह पंचेचाळिशीत. हे कुठल्या उंदरात दिसतं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच प्रश्नावर आयुष्य घालवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतली बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण वजन घटलं ते मुख्यतः स्नायूंचं, कातडीखालची चरबी मात्र टिकून. म्हणजे गडबड लार्ड खाण्याच्या फार आधी, आईच्या पोटात सुरू.

याच्या जवळ जाणारा प्राण्यांवरचा प्रयोगही पुण्याचाच. आनंदवर्धन हर्डीकर आणि याज्ञिक यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. विस्टार रॅट्सना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेलं. पिल्लं कमी वजनाची, पोटात चरबी जास्त, इन्सुलिनला दाद न देणारी, बी१२ कमी. मग दोन पिढ्या पोटभर खायला दिलं, तरी बिघाड उलटला नाही. माझ्या मते भारतीय वाचकाने दोन्हींतला एकच प्रयोग वाचायचा तर हा वाचावा.

पेट्रीबशी
सिंहगडरोड, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. निळ्या गोळ्यांच्या मॉडेलचा हाच मोठा तोकडेपणा, तो अतिखाण्याचा आजार दाखवतो. आधी उपास आणि मग सुबत्ता, हा क्रम त्यात नाही.

थोडं अवांतर. इजिप्तच्या वाळवंटात एक जाडा वाळू-उंदीर असतो, खारट पानं खाऊन राहतो. प्रयोगशाळेत आणून नेहमीचं खाद्य दिलं तर त्याला मधुमेह होतो, हे १९६४ मध्येच 'सायन्स' नियतकालिकात आलंय. चरबीची गरजच नाही, सर्वसामान्य उंदरासाठी 'साधं' असलेलं जेवणच त्याला जास्त.

गोळीवाला
आता कडू बोलतो. एम.फार्म. करताना हेच केलंय. आपल्याकडच्या निम्म्या फार्मसी कॉलेजांत एकच पद्धत: रॅटला थोडे आठवडे चरबीचं खाद्य, मग स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनाचा छोटा डोस, स्वादुपिंडातल्या काही पेशी मारायच्या, आणि झाला टाइप-२. मोहालीच्या नायपर या औषधनिर्माण संस्थेतून २००५ मध्ये ही पद्धत नीट मांडली गेली, ३५ मिलिग्रॅम प्रति किलो. पद्धत वाईट नाही. पण मग त्यावर जांभूळ, मेथी, कडुनिंब, आजीच्या अंगणातलं जे सापडेल त्याचा अर्क पाजतात. साखर उतरते. पेपर होतो. पेपराची बातमी होते.

हिशोब बघा. रॅटला ४०० मिलिग्रॅम प्रति किलो अर्क. माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने रॅटसाठी ६.२ ने भागतात (माऊससाठी १२.३ ने). ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास चार ग्रॅम सुका अर्क. पाला नव्हे, अर्क! आणि काका सकाळी दोन पानं चावून सांगतात, 'संशोधनाने सिद्ध झालंय.'

अनुकंपा
सगळे हसताय, पण मुद्दाम आजारी पाडलेल्या जिवांचं काय? निष्कर्ष माणसाला लागू होतील याची खात्री नसताना हे का करायचं?

पेट्रीबशी
प्रश्न रास्त आहे. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे, त्याखालची, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सीसीएसईए समिती आहे, आणि संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय एक उंदीर वापरता येत नाही. किती, का, आणि त्याऐवजी दुसरं काही चालेल का, हे लिहून द्यावं लागतं. पण समितीने हो म्हटलं म्हणजे प्रयोग गरजेचा होता, असं मी म्हणणार नाही. शंभरावं झाड शंभराव्यांदा तपासण्यात मला अर्थ दिसत नाही.

नाईलाजराव
मग उंदरांनी दिलं तरी काय? एक औषध सांगा.

पेट्रीबशी
लेप्टिन. १९४९ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबमध्ये एक अतिलठ्ठ माऊस निघाला. डग्लस कोलमन यांनी दोन प्रकारच्या लठ्ठ उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं. एक प्रकार जेवण सोडून रोडावला, दुसरा तसाच. म्हणजे एकात भूक थांबवणारं काहीतरी नव्हतं, दुसऱ्यात ते होतं पण ऐकू जात नव्हतं. जेफ्री फ्रीडमन यांना ते १९९४ मध्ये सापडलं. सगळ्यांना वाटलं, लठ्ठपणा संपला. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच जास्त असतं, त्यामुळे टोचून उपयोग नाही. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांचं आयुष्य मात्र त्याने बदललं.

आणि उलटंही. रिमोनाबंट हे वजन उतरवायचं औषध उंदरांत छान चाललं, युरोपात २००६ ला आलं, २००८ मध्ये नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे मागे घ्यावं लागलं. उंदीर उदास झालाय हे तो सांगत नाही. सध्या वजन उतरवण्यासाठी गाजणाऱ्या जीएलपी-१ इंजेक्शनांच्या कुळातल्या औषधांनी उंदरांत थायरॉइडच्या गाठी होतात, म्हणून वेष्टनावर इशारा असतो. उंदराच्या त्या पेशींवर जीएलपी-१ चे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू) फार जास्त. फक्त उंदरावर विसंबलो असतो तर एक चुकीचं औषध टिकलं असतं आणि एक कामाचं गेलं असतं.

घाटावरचा
गणपतीच्या वाहनाचा विनोद कोणी करायच्या आत मी निघतो. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

चिंचगूळ
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मला जे उमगलं ते असं: उंदराकडून 'आत काय बिघडतं' ते कळतं, 'तू किती खा' ते कळत नाही. यापुढे बातमी आली की कुठला उंदीर, नर की मादी, कशातल्या किती टक्के कॅलरी आणि तुलना कोणाशी, एवढं शोधेन. सिंहगडरोड यांच्या प्रतिसादामुळे मात्र काळजी वाढली, कारण आईही सडसडीतच. माझं वजन ठीक आहे म्हणून मी साखर कधी तपासलीच नव्हती. शनिवारी उपाशीपोटी आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) दोन्ही करून घेते.

सिंहगडरोड
जरूर करा. कंबरेचा घेरही मोजा, वजनकाट्यावर विसंबू नका.

नाईलाजराव
आणि तूप?

चिंचगूळ
आठ ग्रॅम. खारी बंद केली, तुमच्यामुळे.

मोरपंखी
गोळीवाला, एक राहिलं. आपल्या कॉलेजांत ती निळी खाद्यं परदेशातून मागवतात का?

गोळीवाला
क्वचित. परवडत नाही. बहुतेक ठिकाणी साधं खाद्य दळून त्यात वनस्पती तूप आणि कोलेस्टेरॉलची पूड मळतात, नाहीतर वनस्पती आणि खोबरेल ३:१ प्रमाणात नळीने पोटात घालतात. मळलेलं खाद्य बाहेर राहिलं की खवट होतं, उंदीर तोंड लावत नाही. शिवाय दर खेपेला मळणारा विद्यार्थी वेगळा, वनस्पतीचा डबा वेगळा. त्यामुळे एका कॉलेजचा आकडा दुसऱ्याशी जुळवायला जाऊ नये.

संपादक
घूस, हॉटेलचा कचरा आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा यांवरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.